विड्याच्या पानावरचा राजा

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णा नदीच्या परिसरात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षयतृतीयेच्या, म्हणजे अखजीच्या संध्याकाळी या गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. मोकळ्या जमिनीवर एक गोल आखायचा. गोलाच्या कडेने अठरा धान्ये मांडायची: गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, मसूर, भादली, सरकी, अंबाडी आणि अशीच बाकीची. मधोमध खड्डा खणून त्यात मातीची चार ढेकळे ठेवायची. ही चार ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजे, वडा. आणि एक पानविडा, त्यावर सुपारी. मांडणी झाली की सगळे घरी परततात. रात्री तिकडे कुणी फिरकायचे नाही. पहाटे वाघ घराण्यातले वारसदार येतात, काय ओले झाले, काय सांडले, काय जागचे हलले ते वाकून निरखतात आणि जमलेल्या गर्दीला वर्षाचे भाकीत सांगतात.

चंद्रभान महाराज वाघ यांनी ही घटमांडणी सुरू केली आणि तिला साडेतीनशेच्या आसपास वर्षे झाली, असे परंपरा सांगते. कुठले ढेकूळ किती भिजले यावरून कुठल्या महिन्यात किती पाऊस, हे सांगायचे. धान्य जागेवरून किती हलले यावरून त्या पिकाचे. इथपर्यंत कुणालाही समजते. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला दुसरे काय विचारायचे असणार? पण या मांडणीत आणखी एक जुळणी आहे आणि वर्तमानपत्रांचे मथळे बहुतेक वेळा तिच्यावरच निघतात. भादली म्हणजे रोगराई. मसूर म्हणजे शत्रू. करडी म्हणजे देशाचे संरक्षण. करंजी म्हणजे आर्थिक स्थिती, पुरी म्हणजे पृथ्वी. आणि विड्याचे पान म्हणजे राजा. पान जागेवर असले की राजाची गादी कायम. पान हलले, सुपारी घरंगळली, की गादीला धोका किंवा राजावर ताण.

पाऊस किती आणि तूर कशी पिकेल हे विचारणाऱ्या कास्तकाराला राजाची चौकशी कशाला हवी? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्या उत्तरासाठी साडेतीनशे-चारशे वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे गेल्यावर दिसते की राजाचे भविष्य पाहणे हा तेव्हा राज्यकारभाराचाच एक भाग होता, दिल्लीपासून लंडन-रोमपर्यंत सगळीकडे.

आधी वऱ्हाडचे पाहू. इथे एलिचपूरची इमादशाही १५७४ पर्यंत होती. ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. १५९६ मध्ये चांदबिबीला तह करून वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. पुढची तीस-चाळीस वर्षे मलिक अंबर आणि मोगल यांच्या फौजा या मुलखातून जात-येत राहिल्या. सिंदखेडचे लखुजी जाधवराव कधी निजामशाहीत तर कधी मोगलांकडे होते. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात त्यांना आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारण्यात आले. त्यानंतर लगेच १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला, आणि त्याच सुमाराला शाहजहानच्या फौजाही दख्खनेत उतरल्या. १७२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाला हरवले आणि हैदराबादची निजामशाही उभी राहिली. मग भोसले आणि निजाम यांची दुअमली, म्हणजे एकाच गावाला दोन वसूलदार. १८०३ मध्ये इंग्रज आणि भोसले यांची अडगावची लढाई. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात.

गावातल्या माणसाच्या जागी उभे राहून ही यादी वाचली तर विड्याचे पान मांडणीत का आहे ते उमगते. राजा बदलला की सारा बदलतो, वसूल करणारा बदलतो, आणि बदल होत असताना जी फौज शिवारातून जाते ती उभ्या पिकात घोडे सोडते. पाऊस कमी झाला तरी नुकसान आणि गादी हलली तरी नुकसान. कास्तकाराच्या लेखी राजा हे एक हवामानच होते. म्हणून अठरा धान्यांच्या पंगतीत तोही बसला. दरबारात राजासाठी भविष्य पाहिले जात असे, भेंडवळला मात्र राजाचे भविष्य रयत पाहते आणि तेही स्वतःच्या शेतासाठी. मला या घटमांडणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते.

पाऊस, पीक, भाव, रोगराई आणि राजा यांची ही सांगड भेंडवळने नव्याने घातलेली नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पर्जन्याची लक्षणे, धान्याचे भाव, धूमकेतू, भूकंप आणि राजांवरची संकटे हे सगळे एकाच ग्रंथात आहे. ज्योतिषाचे जुने तीन स्कंध: गणिताचा सिद्धांत, माणसाच्या कुंडलीचा होरा आणि मुलखाच्या शुभाशुभाची संहिता. आज ज्योतिष म्हटले की आपल्याला फक्त कुंडली आठवते, पण गावगाड्याला संहितेचा उपयोग जास्त होता. त्याचा अवशेष तुमच्या घरातल्या पंचांगात अजून छापला जातो. पाडव्याला जे संवत्सरफल वाचतात त्यात वर्षाचे चक्क मंत्रिमंडळ असते: राजा, मंत्री, सस्याधिपती, मेघाधिपती. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते त्या वाराचा ग्रह वर्षाचा राजा. २०२५ चा पाडवा रविवारी आला, म्हणून त्या वर्षाचा राजा सूर्य. मेषसंक्रांतीच्या वाराचा ग्रह मंत्री. पंचांगातला राजा आकाशात आणि भेंडवळचा राजा दिल्लीत, पण दोघांच्या शेजारी पाऊस आणि पीकच आहे.

आता दरबाराकडे वळू. गंमत अशी की मोगल दरबारात गाजलेल्या ज्योतिष्यांची एक मोठी खाण विदर्भातच होती, आणि तीही याच नदीच्या काठाने. एलिचपूर प्रांतात पयोष्णी नदीच्या काठी दधिग्राम नावाचे गाव होते. तिथे चिंतामणी नावाचा दैवज्ञ राहत असे. त्याचा मुलगा राम. या रामाला भविष्याचे ज्ञान इतके होते की विदर्भाचा राजा त्याच्या आज्ञेत वागे, असे त्याच्या वंशजांनी लिहून ठेवले आहे. वंशजांनी पूर्वजांबद्दल लिहिलेले थोडे चाळून घ्यावे, हे खरे. तरी एका ज्योतिषी घराण्याला आपल्या मोठेपणाची सर्वांत मोठी खूण कोणती वाटली, तर राजा आमचे ऐकत होता, ही. पयोष्णी म्हणजे पूर्णा असे अभ्यासक सामान्यपणे मानतात. भेंडवळ याच नदीच्या खालच्या अंगाला.

रामाचा मुलगा त्रिमल्ल, त्याचा बल्लाळ. बल्लाळ काशीला जाऊन राहिला आणि त्याच्या पाच मुलांनी नाव काढले. त्यातल्या कृष्ण दैवज्ञाला जहांगीरच्या दरबारात मान होता. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर त्याने लिहिलेली टीका गणिताचे अभ्यासक आजही उघडतात. पण आपल्या विषयासाठी त्याचे दुसरे एक काम अधिक बोलके आहे. श्रीपतीच्या ‘जातकपद्धती’वर त्याने सोदाहरण विवरण लिहिले. आणि उदाहरणाला कुंडली घेतली कुणाची? अब्दुर्रहीम खानखानानची. ज्या खानखानानने वर्षानुवर्षे सातपुड्यापलीकडच्या बुऱ्हाणपुरात बसून दख्खनची मोहीम चालवली, ज्याच्या फौजा मलिक अंबरशी लढायला वऱ्हाडात उतरत, त्याची कुंडली वऱ्हाडी घराण्यातला ब्राह्मण संस्कृतात सोडवून दाखवतो आहे. कृष्णाचा भाऊ रंगनाथ याने ‘सूर्यसिद्धांता’वरची आपली टीका १६०३ मध्ये पुरी केली. त्याच सुमारास त्याला मुलगा झाला, तो मुनीश्वर. या मुनीश्वराने ‘सिद्धांतसार्वभौम’ लिहिला आणि त्यात शाहजहान १६२८ मध्ये गादीवर बसला त्या वेळेची नोंद करून ठेवली.

दुसरे घराणे विदर्भातल्या धर्मपूरचे. या घराण्यातल्या अनंताला दोन मुलगे, नीलकंठ आणि राम. नीलकंठ अकबराच्या दरबारात होता. तोडरमलाच्या आश्रयाने रचलेल्या ‘तोडरानंद’ या प्रचंड संग्रहातला ज्योतिषाचा भाग त्याचा. १५८७ मध्ये त्याने ‘ताजिकनीलकंठी’ लिहिली. ताजिक म्हणजे अरबी-फारसी पद्धतीचे वर्षफल, ते संस्कृतात आणलेले. वर्षफलातले इत्थशाल, ईसराफ हे योग संस्कृत श्लोकांत बसलेले अरबी शब्द आहेत. धाकट्या रामाने १६०० मध्ये काशीला ‘मुहूर्तचिंतामणी’ लिहिला. आजही लग्नाचा, वास्तूचा मुहूर्त काढणारे गुरुजी बहुतेक वेळा याच रामाच्या श्लोकांवर विसंबतात. बादशहाच्या पदरच्या माणसाच्या भावाने लिहिलेला ग्रंथ आपल्या घराघरांतल्या बोहल्यापर्यंत आला, याची जाणीव कुणाला असते?

बादशहांना ज्योतिषी का लागत? ग्रहांवरची श्रद्धा होतीच, पण तेवढेच नव्हते. गादीवर कुणी बसायचे याचा नियम मोगलांत पक्का नव्हता. थोरला मुलगा वारस, असे काही ठरलेले नसे. भाऊ भावाशी लढे. अशा वेळी आपलाच हक्क आकाशात लिहिलेला आहे असे सांगता येणे ही राजकीय मिळकत होती. शनी आणि गुरू दर वीस वर्षांच्या आसपास एकत्र येतात. राजवंशांचा उदयास्त या युतींवर ठरतो, असे अरबी-फारसी ज्योतिषात मानत. म्हणून तैमूरला साहिब-किरान, म्हणजे युतीचा स्वामी, ही पदवी मिळाली होती. शाहजहान बापाविरुद्ध बंड करून आणि भाऊबंदांची वाट लावून गादीवर आला. त्याने साहिब-किरान-ए-सानी, दुसरा साहिब-किरान, हे बिरुद घेतले आणि नाण्यावरही पाडले. वऱ्हाडच्या बाजारात सारा भरताना रयतेच्या हातून जे रुपये जात, त्यांवर ग्रहांची ती साक्ष कोरलेली असे. वाचता येणारे थोडे, पण नाणे चालत होते.

अकबराच्या जन्माची कथा तर अबुल फझलने फार रंगवून दिली आहे. ऑक्टोबर १५४२, सिंधमधले उमरकोट, हुमायून परागंदा. हमीदाबानूला कळा सुरू झाल्या तेव्हा मुहूर्त चांगला नव्हता. मौलाना चांद हा ज्योतिषी दाराशी अस्वस्थ बसला होता. सुईण समोर आली, ती दिसायला इतकी अक्राळविक्राळ की हमीदाबानूच्या कळाच थांबल्या. मग शुभ घटका आल्यावर कळा पुन्हा सुरू झाल्या आणि मुलगा नेमका वेळेवर जन्मला. या एवढ्या नेमक्या जन्माच्या कुंडल्या मात्र ‘अकबरनाम्या’त एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे लग्नसुद्धा जुळत नाही. एकीत कन्या, दुसरीत सिंह. कारण यवन पद्धत सायन आणि आपली निरयन. अबुल फझलने दोन्ही ठेवल्या आणि दोन्हींतून थोरपणच काढले. ज्याला गादी मिळाली त्याची कुंडली कोणत्याही पद्धतीने चांगलीच निघते.

भाकीत खरे ठरले तर बक्षीसही तसेच. जहांगीरचा नातू शुजा लहानपणी खिडकीतून खाली पडला, पण खाली गुंडाळून ठेवलेल्या जाजमावर आणि तिथे बसलेल्या फर्राशाच्या अंगावर पडल्याने वाचला. पोर उंचावरून पडेल पण इजा होणार नाही, असे दरबारच्या ज्योतिषरायाने काही महिने आधी सांगितले होते, ही नोंद जहांगीरनेच आपल्या आत्मवृत्तात केली आहे. भाकिते वारंवार खरी ठरली म्हणून त्याने या ज्योतिषरायाला रुपयांनी तोलले.

पण जे शस्त्र आपल्या हाती शोभते ते दुसऱ्याच्या हाती दिसले की राजाला घाम फुटे. राजाच्या आयुष्याचे भाकीत करणे म्हणजे वारस कोण याची चर्चा सुरू करणे, आणि अशा चर्चेने बंडाला बळ येते. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने स्वतःच्या राज्याभिषेकासाठी जॉन डी या ज्योतिष्याकडून १५ जानेवारी १५५९ हा दिवस काढून घेतला. त्याच राणीच्या राज्यात १५८१ मध्ये कायदा झाला की राणी किती जगेल आणि तिच्यामागून कोण येईल हे कुंडलीने किंवा भविष्यवाणीने वर्तवणे हा गंभीर गुन्हा. रोममध्ये तर नाटकच झाले. ओराझिओ मोरांदी या मठाधिपतीने १६३० मध्ये पोप आठवा अर्बन याच्या मृत्यूचे भाकीत केले. बातमी पसरली आणि नवा पोप निवडण्यासाठी स्पेनचे कार्डिनल रोमच्या वाटेला लागले. पोप जिवंत, आणि मतदार निघाले! मोरांदीला पकडले, तो त्याच वर्षी तुरुंगात मेला. १६३१ मध्ये पोपने राजा आणि पोप यांच्या मृत्यूची भाकिते करण्यावर कडक बंदीचे फर्मान काढले. स्वतः अर्बन १६४४ पर्यंत जगला.

मराठी मुलखात या सगळ्याचा सर्वांत लख्ख दाखला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा आहे, आणि त्याचा एक धागा बुलढाणा जिल्ह्यात येतो. गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली रायगडावर ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, अभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या अकराव्या दिवशी, १७ जूनला, जिजाबाई वारल्या. जिजाबाई सिंदखेडराजाच्या, लखुजी जाधवरावांच्या कन्या. निश्चलपुरी नावाच्या तांत्रिक गोसाव्याने याचा अर्थ लावला तो असा की अभिषेकात दोष राहिला. काही देवतांना बळी-पूजा पोचली नाही, मुहूर्त बरोबर साधला नाही. सेनापती प्रतापराव गुजर फेब्रुवारीत पडले होते, महाराजांच्या राणी काशीबाई मार्चमध्ये गेल्या होत्या. या घटना अभिषेकाच्या आधीच्या, तरी त्याही त्याच माळेत ओवल्या गेल्या. ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात निश्चलपुरीची ही बाजू सविस्तर आहे. शेवटी २४ सप्टेंबर १६७४ रोजी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. महाराजांनी तो श्रद्धेने केला की राज्यात कुरबुर नको म्हणून केला, यावर वाद घालता येईल. माझा कल दुसऱ्याकडे आहे. सत्तरी ओलांडलेली, उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावर गडावर राहिलेली आई गेली याला वेगळे कारण शोधायची गरज नव्हती. पण नव्या गादीविषयी शंका बोलली जात असेल तर तिचे तोंड बंद करण्याचा खर्च परवडण्यासारखा होता.

महाराजांची कुंडली ही आणखी एक कथा. जन्मतिथीचा वाद कित्येक वर्षे चालला. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली छापली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे जोधपूरच्या मिठालाल व्यास यांच्या संग्रहात राजे-रजवाड्यांच्या कुंडल्यांबरोबर शिवाजी महाराजांचीही कुंडली सापडली आणि तिने याच तिथीला दुजोरा दिला. दख्खनच्या एका सरदाराच्या मुलाची जन्मवेळ मारवाडात टिपून ठेवलेली असावी, हे लक्षात घ्या. कुंडली ही तेव्हाची गुप्तवार्ता होती. समोरचा राजा कधी अडचणीत येईल हे ज्याला जाणायचे होते, त्याला आधी त्याची जन्मवेळ मिळवणे भाग होते. ग्रहांचे काहीही असो, त्या उद्योगाने इतिहासाला एक तारीख मिळवून दिली.

बाजारातले चित्र मात्र निराळे. फ्रेंच वैद्य बर्निये औरंगजेबाच्या काळात दिल्लीत होता. रस्त्याकडेला सतरंजी टाकून बसणाऱ्या ज्योतिष्यांमध्ये त्याला गोव्याहून पळून आलेला एक अर्धपोर्तुगीज भेटला. जवळ खलाशांचे जुने होकायंत्र आणि दोन जुनी ख्रिस्ती प्रार्थनापुस्तके. त्यातली चित्रे उघडून ही फिरंग्यांची राशिचिन्हे म्हणून तो दाखवी. लिहिता-वाचताही येत नव्हते, पण गिऱ्हाईक कमी नव्हते.

दरबारातला नीलकंठ आणि रस्त्यावरचा हा इसम यांच्यापेक्षा भेंडवळची रीत वेगळी आहे. तिथे कुंडली नाही, ग्रह नाहीत, गणित नाही. राजा कोण, त्याचा जन्म कधीचा, याची कुणी विचारपूस करत नाही. शकुन हा तिचा आधार. उघड्या शेतात एप्रिल-मेच्या रात्री काय काय होऊ शकते ते सांगायला शास्त्रज्ञ नको. वारा सुटतो, दव पडते, मुंग्या दाणे ओढून नेतात, उंदीर-घुशी पुरी-भज्याच्या वासाने येतात, मातीची घागर झिरपते आणि ढेकळे भिजतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे वेळोवेळी स्पष्ट सांगितले आहे आणि ते बरोबर आहे. सप्टेंबरचा पाऊस मेमधल्या ढेकळाला ठाऊक असण्याचे कारण नाही. भारतीय हवामान विभागाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज १८८६ पासून, ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून बांधलेल्या ठोकताळ्यापासून, सुरू झाले. त्यातही चुका झाल्या आणि होतात. पण चूक किती झाली हे मोजून छापले जाते, पद्धत बदलली जाते, आणि अंदाज ८७ सेंटीमीटर या देशाच्या सरासरीच्या किती टक्के, असा दिला जातो. खरे-खोटे ठरवायला जागा राहते.

भेंडवळच्या राजाचे मात्र तसे नाही. राजा कायम, पण ताण राहील, अशा धाटणीचे भाकीत अनेकदा ऐकायला मिळते. थोडा हिशेब करून पाहू. २००१ ते २०२५ या पंचवीस वर्षांत देशाचे पंतप्रधान दोनदाच बदलले, २००४ आणि २०१४ मध्ये. म्हणजे दरवर्षी डोळे मिटून राजा कायम म्हणणारा माणूस तेवीस वेळा बरोबर ठरला असता. औरंगजेब १६५८ ते १७०७ असा एकोणपन्नास वर्षे गादीवर होता. त्या काळात पान कधीच हलायला नको होते. आणि तो गेल्यावर १७१९ पर्यंतच्या बारा वर्षांत दिल्लीच्या गादीवर सहा बादशहा बसले, त्यातले तीन एका १७१९ सालात. तेव्हा राजा कायम म्हणणाऱ्याची फार पंचाईत झाली असती. शिवाय राजा म्हणजे कोण हे मोकळेच ठेवले तर सुटका आणखी सोपी. दिल्लीतला बसला नाही तर मुंबईतला धरायचा, आणि २०१९ नंतर मुंबईतला राजा किती वेळा बदलला ते सांगायला नको. ताण तर कुठल्या राजावर नसतो?

तरीही सत्तेला या पानाची दखल घ्यावी लागली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६-अ मतदान पुरे होईपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला मनाई करते. मार्च २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने माध्यमांना बजावले की या मनाईच्या काळात ज्योतिषी, टॅरोवाले किंवा विश्लेषक यांच्या तोंडून निकालाचे भाकीत प्रसिद्ध करणे हेही या कलमाच्या हेतूविरुद्ध आहे. १५८१ च्या इंग्रज कायद्याला जिवाची भीती होती, आपल्या आयोगाला मतदाराच्या मनाची काळजी आहे. दोघांनीही भाकीत खरे की खोटे या वादात न पडता ते ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम पाहिला, आणि तिथेच खरी गोष्ट आहे. २०२४ ची अखजी १० मे रोजी, लोकसभेच्या मतदानाच्या ऐन मध्यावर आली. बुलढाण्याचे मतदान २६ एप्रिलला होऊन गेले होते, देशाचे शेवटचे टप्पे बाकी होते. त्या वर्षी भेंडवळला पाऊस-पाण्याचे, पिकांचे भाकीत सांगितले गेले, आणि आचारसंहितेमुळे राजाविषयी बोलणे टाळण्यात आले.

या घटमांडणीला हसण्यात वेळ घालवू नये आणि तिच्या भरवशावर बियाणेही घेऊ नये. लोकांनी आपल्या भीतीची यादी धान्यात मांडून ठेवली आहे आणि ती दरवर्षी जिवंत होते, एवढ्यासाठी ती पाहण्याजोगी आहे. एक काम मात्र जळगाव जामोदच्या एखाद्या शाळेने किंवा महाविद्यालयाने मनावर घ्यावे. अखजीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलेले भाकीत शब्दशः, तारखेसह वहीत उतरवायचे. दिवाळीनंतर त्याच्यासमोर तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे चार महिन्यांचे आकडे आणि बाजार समितीतले तुरीचे, कपाशीचे, सोयाबीनचे भाव लिहायचे. वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली आणि घरोघरी जपलेली कात्रणे मिळाली तर ही वही मागेही नेता येईल. ज्यांच्याकडे अशी कात्रणे आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत.